देवाची निवड शिकवताना : पाळक, उपदेशक आणि बायबल वर्ग घेणाऱ्यांना खुले पत्र

मंडळ्यांमध्ये वचनाची सेवा करणाऱ्या, बायबल वर्ग आणि घरसभा चालवणाऱ्या सर्व बंधुभगिनींना,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी आपल्या लोकांना ख्रिस्तात निवडले, हे शिक्षण शास्त्रात आहे आणि ते मंडळीपुढे मांडलेच पाहिजे. ते टाळा, असे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही. आमचे म्हणणे ते कुठून सुरू करावे आणि कोणासमोर, कशासाठी मांडावे याबद्दल आहे. आज अनेक वर्गांत हा विषय थेट रोमकरांस 9 पासून, तेही मधल्या दहा-बारा वचनांपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. मग एकाच वर्गातून एक जण 'मी निवडलेलाच आहे, आता मला कसली भीती' म्हणत बिनघोर होतो आणि दुसरा 'माझे नाव त्यात नसेल तर?' या धास्तीने रात्र रात्र जागतो. वचने दोघांनीही तीच ऐकलेली असतात.

प्रेषितांनी हा विषय कोणाशी काढला ते आधी पाहा. प्रेषितांच्या कृत्यांत बाहेरच्या लोकांपुढे केलेली भाषणे काढून वाचा. तुम्ही निवडलेले आहात का ते आधी शोधा, असे त्यात कोणीही श्रोत्यांना सांगत नाही. पन्नासाव्या दिवशी पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या. आणि ज्यांना प्रभू आपल्याकडे बोलावील ही गोष्ट येते ती त्यानंतर, अभिवचनाच्या शेवटी (2:38-39). फिलिप्पैच्या बंदिशाळेचा नायक 'तारण व्हावे म्हणून मी काय करावे' असे विचारतो, तर त्याला प्रभू येशूवर विश्वास ठेव एवढेच उत्तर मिळते (16:31). याउलट इफिसकरांस 1 आणि रोमकरांस 8 ही पत्रे विश्वास ठेवलेल्यांना लिहिली आहेत. पहिल्या ठिकाणी निवड स्तुतीच्या सुरात येते, दुसऱ्या ठिकाणी दुःख सोसणाऱ्यांना धीर म्हणून. दारात उभ्या असलेल्या माणसाला सुवार्ता सांगायची असते. निवड सांगायची ती तो आत आल्यावर, आपण इथवर कसे आलो असे त्याला वाटू लागते तेव्हा.

ही आमची नवी कल्पना नाही. निवडीच्या शिक्षणाशी ज्याचे नाव सर्वांत जास्त जोडले जाते त्या कॅल्व्हिन या 16व्या शतकातल्या धर्मसुधारकाने आपल्या 'ख्रिस्ती धर्माची तत्त्वे' या ग्रंथाच्या 1559 च्या शेवटच्या लॅटिन आवृत्तीत हा विषय तिसऱ्या भागाच्या 21 ते 24 या अध्यायांत ठेवला. विश्वास, पश्चात्ताप, नीतिमान ठरणे आणि प्रार्थना हे सगळे त्याआधी येऊन गेलेले असते. नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथली 1618-19 ची धर्मसभा तर निवडीवरच्या वादासाठीच भरली होती. तिच्या निर्णयांचे पहिले प्रकरण उघडा. सर्व माणसांनी पाप केले हे पहिल्या कलमात, देवाने आपला पुत्र पाठवून प्रीती प्रकट केली हे दुसऱ्या, तो सुवार्ता सांगणारे पाठवतो हे तिसऱ्या कलमात. देवाच्या ठरावाचा उल्लेख येतो तो सहाव्या कलमात. इंग्रजीतल्या ट्यूलिप या आद्याक्षरांनी पाठ करून घेतली जाणारी या शिक्षणाची पाच मुद्द्यांची मांडणी 20व्या शतकातली आहे. डॉर्टचा क्रमही तो नाही आणि सूरही तो नाही. पाठांतराला ती सोपी पडते, पण नव्या विश्वासणाऱ्याला पहिल्याच महिन्यात ती पाठ करायला लावू नका.

वर्ग घ्यायचा असेल तर निदान सहा बैठका हाताशी ठेवा. पहिल्या बैठकीत जुना करार घ्या. उत्पत्ती 12:3 मध्ये अब्राहामाला बोलावले जाते ते पृथ्वीवरील सर्व कुळांना त्याच्याद्वारे आशीर्वाद मिळावा म्हणून. अनुवाद 7:7-8 सांगते की इस्राएल संख्येने मोठे म्हणून निवडले गेले नाही, ते तर सर्वांत लहान होते. देवाने प्रीती केली आणि पूर्वजांना दिलेली शपथ पाळली, एवढेच कारण दिले आहे. आमोस 3:2 त्याच निवडीमुळे जबाबदारी आणि शिक्षाही वाढते असे म्हणतो. या तीन उताऱ्यांनी पाया पक्का होतो, कारण निवड ही कोणाच्या लायकीची पावती नाही आणि इतरांना तुच्छ लेखण्याचा परवाना तर मुळीच नाही, हे इथेच स्पष्ट होते. दुसऱ्या बैठकीला योहान 6, तिसऱ्या बैठकीला इफिसकरांस 1:3-14. या बारा वचनांत 'ख्रिस्तात', 'त्याच्यामध्ये' असे किती वेळा येते ते वर्गातल्या लोकांनाच मोजायला लावा. ख्रिस्ताला बाजूला ठेवून निवडीचा विचार करणे पौलाला माहीतच नाही, हे मग सांगावे लागत नाही. चौथी आणि पाचवी बैठक रोमकरांस 9 ते 11 साठी, आणि सहावी तारणाच्या खात्रीसाठी.

प्रत्येक बैठकीत एक प्रश्न सतत विचारत राहा : निवडले, पण कशासाठी? शास्त्रात सगळीच निवड तारणासाठीची नसते. यशया 45 मध्ये देव कोरेश राजाला नावाने हाक मारतो, अभिषिक्त म्हणतो, आणि तरी 'तू मला ओळखत नव्हतास' असेही म्हणतो. ती निवड एका कामासाठी होती. यहूदा इस्कर्योत बारांपैकी एक म्हणून निवडलेला होता, आणि येशू त्याच वाक्यात त्याला सैतान म्हणतो (योहान 6:70). हा भेद न करता शब्दसूचीतून 'निवड' असलेली सगळी वचने एकापुढे एक लावली, तर जो निष्कर्ष निघतो तो कोणत्याच लेखकाचा नसतो.

आता रोमकरांस 9 ते 11. हे तीन अध्याय मिळून 90 वचने होतात आणि सावकाश, मोठ्याने वाचली तरी पाव तासाच्या आसपास संपतात. चौथ्या बैठकीच्या सुरुवातीला ती सलग वाचाच. मध्ये थांबून स्पष्टीकरण देऊ नका. सलग वाचल्यावर जे दिसते ते तुकड्यांत कधीच दिसत नाही. सुरुवात सिद्धांताने होत नाही, रडण्याने होते : माझ्या बांधवांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल, असे पौल म्हणतो (9:3). आपले लोक मशीहाला का नाकारतात आणि म्हणून देवाचे वचन व्यर्थ गेले का, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे (9:6). याकोब आणि एसाव येतात ते या प्रश्नाच्या उत्तरात. 'याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला' हे शब्द मलाखीचे आहेत. ती जुळी मुले रिबकेच्या पोटात होती त्याला तेव्हा हजारावर वर्षे लोटली होती आणि मलाखी इस्राएल व अदोम, म्हणजे याकोबाच्या व एसावाच्या वंशजांच्या राष्ट्रांविषयी बोलत होता. 'ज्याच्यावर दया करायची त्याच्यावर मी दया करीन' हे निर्गम 33:19 चे शब्द आहेत आणि ते सोन्याच्या वासराच्या पापानंतर बोलले गेले, जेव्हा सगळ्याच लोकांचा नाश होणे न्याय्य ठरले असते. संदर्भ काढून घेतला तर हे वाक्य लहरी राजाचे वाटते. निर्गमात ते क्षमेचे वाक्य आहे.

कुंभाराच्या दृष्टान्तापाशी (9:20-23) सावकाश चला. 22व्या वचनात क्रोधाची पात्रे 'नाशासाठी सिद्ध झालेली' आहेत, ती कोणी सिद्ध केली ते सांगितलेले नाही. 23व्या वचनात दयेची पात्रे मात्र देवाने स्वतः गौरवासाठी पूर्वी सिद्ध केली असे स्पष्ट म्हटले आहे. दोन्ही बाजू समान तोलाच्या आहेत असे शिकवणाऱ्याने हा फरक पुसून टाकू नये. डॉर्टच्या सभेनेही आपल्या समारोपात, निवड जशी विश्वासाचे मूळ आहे त्याच रीतीने देवाचे नाकारणे अविश्वासाचे मूळ आहे, हे मत झिडकारले.

मग दहावा अध्याय. बहुतेक वर्ग इथपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. निवडीवर इतके कडक लिहिणारा तोच पौल लगेच इस्राएल लोकांच्या तारणासाठी प्रार्थना करतो (10:1), जो कोणी प्रभूचे नाव घेईल त्याचे तारण होईल असे म्हणतो (10:13), सांगणारा नसेल तर ते ऐकणार कसे असे विचारतो (10:14) आणि हट्टी लोकांपुढे देव दिवसभर हात पसरून उभा आहे, या चित्राने अध्याय संपवतो (10:21). अकराव्यात रानजैतुनाच्या कलम केलेल्या फांद्यांना, म्हणजे आपल्यासारख्या परराष्ट्रीयांना, गर्व करू नका अशी ताकीद आहे, आणि तोडलेल्या फांद्या अविश्वासात राहिल्या नाहीत तर पुन्हा जोडल्या जातील अशी आशा (11:20-23). शेवटी स्तुती. ज्या वर्गाचा शेवट 11:33-36 च्या स्तुतीत होण्याऐवजी आपसांतल्या वादात होतो, त्याला हा उतारा अजून कळलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक सुशिक्षित वर्गांतही होते : शेवट ठरला आहे, तर साधनांची गरज काय? प्रार्थना कशाला, सुवार्ता कशाला, पवित्र जीवनाची धडपड कशाला? याला तर्काने उत्तर देत बसण्याआधी प्रेषितांची कृत्ये 27 उघडा. वादळात सापडलेल्या तारवात पौल सांगतो की देवदूताने अभिवचन दिले आहे, एकाचाही प्राण जाणार नाही (27:22-24). यापेक्षा पक्का शब्द कोणता? तरीही काही वचनांनंतर खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून लहान होडी पाण्यात सोडतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला सांगतो : हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही (27:31). शिपाई होडीचे दोर कापतात. मग पौल चौदा दिवस उपाशी असलेल्यांना खायला लावतो, कारण बचावासाठी अंगात बळ हवे. गहू समुद्रात टाकून तारू हलके केले जाते. शिपाई कैद्यांना मारून टाकणार असतात, शताधिपती त्यांना अडवतो. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे 276 जण किनाऱ्याला लागतात. अभिवचन तंतोतंत खरे ठरले, आणि ते दोर कापण्याने, खाण्याने, पोहण्याने खरे ठरले. 2 थेस्सलनीकाकरांस 2:13 हेच एका वाक्यात सांगते : निवड तारणासाठी, आणि ती आत्म्याच्या पवित्रीकरणातून व सत्यावरील विश्वासातून. निवड म्हणजे नशीब नव्हे ते याच कारणाने. नशिबाला साधने लागत नाहीत आणि त्याला कोणी बाप म्हणत नाही.

सुवार्तेबाबतही तसेच. करिंथात पौल घाबरलेला असताना प्रभू त्याला म्हणतो, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत (कृत्ये 18:9-10). त्यांपैकी बहुतेकांनी तोवर काही ऐकलेलेही नव्हते. ते वचन ऐकून पौल निवांत बसला नाही, दीड वर्ष तिथे राहून शिकवत राहिला. विल्यम कॅरी निवडीवर ठाम विश्वास ठेवणाऱ्या बाप्टिस्टांपैकी होता. परराष्ट्रीयांसाठी साधने वापरणे हे ख्रिस्ती लोकांचे कर्तव्य आहे, असे त्याने 1792 मध्ये छापून मांडले आणि पुढच्या वर्षी तो स्वतः सुवार्तेसाठी भारताकडे निघाला.

आता ज्या बंधूला किंवा भगिनीला धास्ती बसली आहे, त्यांच्याशी कसे बोलावे ते. 'तू निवडलेला असशील तर देव पाहून घेईल', हे वाक्य कधीही उच्चारू नका. ते खरे असले तरी त्या माणसाला अशा दारापुढे उभे करते ज्याची किल्ली कोणाकडेच नाही. देवाचा गुप्त ठराव वाचण्याचा मार्ग माणसाला दिलेला नाही. ख्रिस्त दिलेला आहे. म्हणून योहान 6:37 उघडून वाक्याचे दोन्ही भाग वाचा. पिता जे मला देतो ते सर्व माझ्याकडे येईल, हा पहिला भाग देवाच्या हातात आहे. जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही, हा दुसरा भाग आपल्या हातात दिलेला आहे. त्याला विचारा : तुला ख्रिस्त हवा आहे का? त्याच्याकडे जाण्यापासून तुला कोणी अडवले आहे का? उत्तर मिळाले की तिथेच प्रार्थना करा आणि त्या भेटीत पुढे जाऊ नका.

फळांची तपासणी नंतरची. पौलाने थेस्सलनीकाकरांची निवड ओळखली ती त्यांच्या विश्वासाच्या कृतीवरून, प्रीतीच्या श्रमांवरून, आशेच्या धीरावरून आणि मूर्ती सोडून देवाकडे वळण्यावरून (1 थेस्स. 1:3-9). 2 पेत्र 1:5-7 मध्ये विश्वासाला जोडायच्या सात गोष्टी आहेत आणि दहाव्या वचनात पाचारण व निवड दृढ करण्याचा आग्रह आहे. पण ही यादी बिनघोर माणसाला जागे करण्यासाठी वापरा. घाबरलेल्याच्या हाती ती पहिल्याच दिवशी दिली तर तो प्रत्येक ओळीत स्वतःला नापास करतो. डॉर्टचे पहिल्या प्रकरणातले 16वे कलम अशाच लोकांसाठी आहे. ज्यांना विश्वासाची खात्री अजून जाणवत नाही, पण जे वचन, प्रार्थना ही साधने धरून आहेत, त्यांनी घाबरू नये, साधने सोडू नयेत, असे ते सांगते. वादासाठी भरलेल्या सभेने हे लिहून ठेवले, याचे आम्हाला फार मोल वाटते.

एक गोष्ट मात्र ओळखायला शिका. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, उत्तराने तासाभराचा दिलासा मिळतो आणि लगेच शंका परत येते, एकच पाप दिवसातून अनेकदा कबूल केले जाते, झोप आणि जेवण तुटते. असे असेल तर तो शिक्षणाचा प्रश्न उरत नाही. तो मनाचा आजार असू शकतो. अशा वेळी दर वेळी नवे वचन काढून देण्याने तो फेरा आणखी घट्ट होतो. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा, सोबत जा, आणि तो अविश्वास आहे असे कोणालाही म्हणू देऊ नका.

मतभेदांविषयी थोडेच. पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या धर्मशिक्षकाच्या काळापासून मंडळीत यावर दुमत आहे आणि आपल्या वर्गातही दोन्ही बाजूंचे लोक बसलेले असतात. आम्ही स्वतः सुधारित, म्हणजे कॅल्व्हिन आणि डॉर्टच्या, परंपरेच्या जवळचे आहोत, तरी दुसऱ्या बाजूचे मत तिच्याच शब्दांत मांडावे असा आमचा आग्रह आहे. ज्याच्या शिकवणीवरून डॉर्टचा वाद पेटला तो डच धर्मशास्त्री आर्मिनियस, माणूस स्वबळावर तारण मिळवू शकतो असे शिकवत नव्हता. त्याच्या अनुयायांच्या 1610 च्या निवेदनातले तिसरे आणि चौथे कलम कृपेवाचून माणसाला काहीही चांगले करता येत नाही असेच सांगते. वाद आहे तो ही कृपा नाकारता येते का यावर, आणि देवाने विश्वास पाहून निवडले की विश्वास देण्यासाठी निवडले यावर. उलट बाजूने, डॉर्ट ख्रिस्ताचे मरण अपुरे आहे असे म्हणत नाही. सर्व जगाच्या पापांसाठी ते भरपूर पुरेसे आहे असे दुसऱ्या प्रकरणाचे तिसरे कलम म्हणते. लूथरच्या परंपरेने 1577 मध्ये निवड केवळ जीवनासाठी मानली, नाशाचा ठराव मानला नाही. त्याच्याही कितीतरी आधी, 529 मध्ये, ऑरेंजच्या सभेने कृपा नेहमी आधी येते हे ठरवले आणि देवाने कोणाला वाईटासाठी नेमले असे म्हणणाऱ्यांना धिक्कारले. शास्त्रातला ताण बुजवू नका. अंत्युखियात जितके सार्वकालिक जीवनासाठी नेमलेले होते तितक्यांनी विश्वास ठेवला (कृत्ये 13:48), आणि दोनच वचने आधी पौल इतरांना म्हणतो की तुम्ही स्वतःच स्वतःला त्या जीवनास अयोग्य ठरवता. विश्वासाचे श्रेय देवाकडे, अविश्वासाचा दोष माणसाकडे. लूकला ते एकाच प्रसंगात लिहिताना अडचण वाटली नाही.

कोणाही जिवंत माणसाला 'हा नाकारलेला' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. वधस्तंभावरचा चोर शेवटच्या घटकेला आला.

आणि मृत्यूच्या घरी निवडीवर उपदेश करू नका. ज्याचा विश्वास माहीत नव्हता त्याच्याविषयी ना स्वर्गाचा निकाल द्या, ना नरकाचा. सर्व पृथ्वीचा न्यायाधीश योग्य तेच करील (उत्पत्ती 18:25), एवढे म्हणून जे जिवंत आहेत त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मूल गेले असेल तर अधिक सावध राहा. बाल्यावस्थेत देवाने बोलावून घेतलेल्या लेकरांच्या निवडीविषयी विश्वासू आईबापांनी शंका घेऊ नये, असे डॉर्टचे 17वे कलम सांगते. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना मंडळी देवाच्या दयेवर सोपवते, असे 1992 ची कॅथलिक शिक्षणपुस्तिका सांगते. आपली परंपरा नेमके काय म्हणते ते आधी वाचून ठेवा, दुःखाच्या दारात उभे राहून आठवायला लागू नये. रोमकरांस 9 ची बैठक ज्या आठवड्यात असेल, त्याआधी वर्गात असे कोणी आईबाप आहेत का ते पाहा आणि बैठकीपूर्वी त्यांना घरी जाऊन भेटा.

ख्रिस्तात आपले,
वचनाच्या सेवेतील काही सहकारी